पाणी थांबतं कुठे

रायत्याच्या पुलाखाली मी वर्षानुवर्षं नारळांचा वेग मोजला. तंत्रनिकेतनात जलविज्ञान शिकवायचे आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांना प्रवाह मोजायला उल्हास नदीवर न्यायचे. करंट मीटर एकच, तोही बहुधा दुरुस्तीला गेलेला. मग काठावर पन्नास मीटरच्या अंतराने दोन काठ्या रोवायच्या, तरंगतं काहीतरी सोडायचं आणि घड्याळ लावायचं. पुस्तकात लाकडी ठोकळा सांगितलाय. आमच्याकडे पुलावरून निर्माल्य टाकणारे होतेच. शिवाय नारळ बराचसा बुडालेला असतो, वारा त्याला फारसा ढकलत नाही. एका एप्रिलात नारळाला पन्नास मीटर जायला दोनशे सेकंद लागले. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून उत्तराला 0.85ने गुणायचं. गुणून झालं आणि एका मुलाने विचारलं, “मॅडम, ऑक्टोबरपासून पाऊस नाही. मग हे पाणी येतंय कुठून?”

इतका सरळ प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.

उत्तर आहे भिवपुरी. मावळात आंध्रा नावाची नदी आहे. तिचं पाणी इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं. टाटांनी तिच्यावर ठोकरवाडीचं धरण बांधलं आणि 1922पासून ते पाणी नळांतून घाट उतरवून कर्जतजवळच्या भिवपुरीला जनित्रांवर सोडलं. मुंबईला वीज हवी होती. पाणी कुणाला हवंय याचा हिशोब त्यात नव्हता. (मुळशीकर सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले तेही याच काळात, टाटांच्याच दुसऱ्या धरणाविरुद्ध.) चाकं फिरवून झाल्यावर उरलेलं पाणी उल्हासमध्ये आलं, आणि राजमाचीच्या डोंगरातून निघालेली, उन्हाळ्यात आटायची ती नदी बारमाही झाली. शहाड, मोहिली, बारावे इथले पंप तिच्या जिवावर उभे राहिले. पुढे बारवी धरणाची भर पडली. पण डोंबिवलीत मे महिन्यात नळाला जे पाणी येतं, त्यातलं बरंचसं मूळचं कोकणातलं नाहीच.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती हसली. ती कॅनडात सस्कॅटूनला असते, तिथल्या गव्हाच्या शेतांमधल्या ओढ्यांचं पाणी संगणकावर मांडते. “आत्या, आमचं पाणीही चार-पाच महिने थांबलेलंच असतं, फक्त बर्फ होऊन.” त्यांच्या ओढ्यांचं वर्षाचं बहुतेक पाणी वसंतातल्या काही आठवड्यांत वाहून जातं. हिशोबाची जुनी रीत अशी: दिवसाचं सरासरी तापमान शून्याच्या वर जितके अंश, त्या पटीत अमुक मिलिमीटर बर्फ वितळलं. यारोस्लाव्ह मार्टिनेत्स यांनी 1975मध्ये याच रीतीवर प्रवाहाचं प्रारूप बांधलं. पण शेतात ते चुकतं. हिवाळ्याआधी जमीन ओली असताना गोठली, तर वितळलेलं पाणी आत शिरतच नाही, सरळ ओढ्याला जातं. कोरडी गोठली, तर भेगांतून मुरतं. म्हणजे वरच्या बर्फाइतकंच खालच्या जमिनीला विचारावं लागतं.

“अगं, हे तर आमच्या स्ट्रेंजला ठाऊक होतं,” मी म्हटलं.

डब्ल्यू. एल. स्ट्रेंज मुंबई इलाख्यातला इंजिनियर. त्याची कोष्टकं 1892ची. रोजच्या पावसातलं किती वाहून जाईल हे काढताना तो आधी विचारतो: जमीन कोरडी, ओलसर की ओली? मग खोऱ्यांचे तीन वर्ग करतो: चांगलं, मध्यम, वाईट. चांगल्याच्या पाऊण पट पाणी मध्यम देणार, निम्मं वाईट देणार. वर्गात हे कोष्टक फळ्यावर मांडताना दरवेळी एक मूल चुकायचं. शेतं, झाडी, गवत असलेल्या खोऱ्याला ते ‘चांगलं’ म्हणायचं. स्ट्रेंजचं चांगलं खोरं म्हणजे उघडा कातळ, जो काहीच पोटात ठेवत नाही, सगळं धरणाच्या झोळीत टाकतो. शब्द धरण बांधणाऱ्याचे आहेत, शेतकऱ्याचे नाहीत.

शेतकऱ्याचे शब्द मी मुरबाडकडे आजोबांच्या खाचरात ऐकले. मृगाचा पाऊस कितीही कोसळो, ते म्हणायचे, “अजून जमिनीचं पोट भरायचंय.” आर्द्रा सरली, चिखलणी झाली, आवणी उरकली की बांधाला पाडलेल्या वाटेतून पाणी खालच्या खाचरात, तिथून त्याच्याही खालच्या खाचरात आणि मग ओढ्याला. त्या वाटेत ते हाताने मातीचं ढेकूळ ठेवायचे. ढेकूळ किती उंच, त्यावर काळू नदीला त्या दिवशी आमच्याकडून किती पाणी जाणार हे ठरायचं. स्ट्रेंजनंतर इंग्लिस आणि डिसोझा यांनी पश्चिम भारतात 53 ठिकाणी प्रवाह मोजून 1929मध्ये घाटासाठी सूत्र दिलं: सेंटीमीटरमधल्या पावसाला 0.85ने गुणा, त्यातून 30.5 वजा करा. तीनशे सेंटीमीटर पावसातले सुमारे सव्वादोनशे नदीत. मुलांना मी सांगायचे, तो वजा केलेला आकडा म्हणजे जमिनीचं पोट.

भाचीने मग आमच्या उन्हाळ्यासाठी प्रारूप मांडून बघायचं ठरवलं. “आत्या, तापमानाच्या रकान्यात काय घालू?” मी म्हटलं, “विजेची मागणी.” भिवपुरीची चाकं किती फिरली त्यावर नदीत किती उतरलं हे ठरतं. तिला ती थट्टा वाटली. आठवड्यातून एक दिवस नळ कोरडा असणाऱ्यांना वाटणार नाही.

पावसाळ्यात मात्र कुणाच्या हातात काही नसतं. 27 जुलै 2019ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना होड्यांतून काढलं. जुलैअखेर म्हणजे जमिनीचं पोट केव्हाच भरलेलं. स्ट्रेंजच्या तिसऱ्या रकान्यातला महिना.

आजोबांच्या दोन खाचरांवर आता भराव आहे. गेल्या जूनमध्ये गेले होते. मृगाची पहिलीच मोठी सर, जमीन अजून तापलेली, आणि पाणी कंपाउंडच्या भिंतीखालून थेट रस्त्यावर. कोष्टक उघडलं, तर त्या जागेला आता मला ‘चांगलं’ म्हणावं लागेल.