यकृतातील रक्तस्राव आणि प्रिंगल यांची 1908 ची टिपणे

भोपाळजवळचे मंडीदीप हे रायसेन जिल्ह्यातील औद्योगिक नगर. कारखाने आणि अवजड वाहनांची वर्दळ असलेल्या अशा ठिकाणी पोटाला बसलेला मुका मार बाहेरून किरकोळ दिसतो. आत मात्र यकृत फाटलेले असू शकते. हाताच्या जखमेवर घट्ट पट्टी बांधता येते. यकृतातून वाहणारे रक्त बाहेरून दाबून थांबत नाही.

हिपोक्रेटिसच्या सूत्रांत यकृताची जखम प्राणघातक मानली आहे. याचे कारण अवयवाच्या घडणीतच आहे. यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते, आणि त्याचा गर इतका ठिसूळ असतो की टाक्याचा दोरा त्याला चिरत जातो. यातील सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या एका मोठ्या शिरेतून येते. इब्न सिना यांच्या ‘अल-कानून’मध्ये या शिरेला ‘बाब’, म्हणजे दार, म्हटले आहे. नाव किती नेमके आहे! परंतु शस्त्रक्रियेत हे दार मिटण्याची रीत शल्यचिकित्सेत रुजण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

1888 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक कार्ल लांगेनबुख यांनी यकृताचा भाग कापून काढला. रुग्ण वाचला, पण रक्तस्रावामुळे त्याचे पोट पुन्हा उघडावे लागले होते.

ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीतील जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी 1908 मध्ये ‘अॅनल्स ऑफ सर्जरी’त यकृताच्या दुखापतीचे आठ रुग्ण नोंदविले. त्यांपैकी चौघांवर शस्त्रक्रिया झाली आणि चौघेही दगावले. तथापि, यकृताकडे जाणारी शीर व धमनी अंगठा आणि बोट यांत धरताच रक्त थांबते, जखम स्पष्ट दिसते, हे प्रिंगल यांनी पाहिले होते. पुढे सशांवरील प्रयोगांत अधिक चांगले फळ मिळाले. अपयशाची अशी उघड नोंद करण्यास धैर्य लागते. पाठ्यपुस्तकांत ‘प्रिंगल पद्धत’ हे नाव राहिले, ते चार मृत्यू मात्र क्वचितच सांगितले जातात.

ही पकड फार वेळ ठेवता येत नाही, कारण रक्ताविना यकृताच्या पेशी मरू लागतात. म्हणून साधारणतः 15 ते 20 मिनिटे दाबून सुमारे 5 मिनिटे सोडण्याचा प्रघात पडला. दुसरी मर्यादा अशी की दार मिटले तरी यकृतातून हृदयाकडे जाणाऱ्या शिरा उघड्याच राहतात आणि त्यांतून रक्त उलटे येते. नियोजित शस्त्रक्रियेत यावर तोड निघाली ती भूलतज्ज्ञांच्या बाजूने : शिरेतून द्यावयाचा द्राव आवरता घेऊन हृदयाजवळच्या शिरांतील दाब कमी ठेवणे. 1990 च्या दशकात ही रीत रूढ झाली.

अपघातातील जखमींची प्रकृती स्थिर असेल, तर आज सीटी स्कॅन करून बहुतेकांना शस्त्रक्रियेविना देखरेखीखाली ठेवतात. ज्यांचा रक्तदाब सावरत नाही त्यांचे पोट उघडतात. तेव्हा प्रथम यकृत कापडी घड्यांनी दाबून धरले जाते. तेवढ्याने न भागल्यास शल्यचिकित्सकाची बोटे त्याच ‘बाब’कडे वळतात.