जुन्या मोटारीची साक्ष

विजयादशमीच्या सायंकाळीं कोल्हापुरांतील दसरा चौक माणसांनीं फुलून गेलेला असतो. अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या येतात, शमीपूजन होतें, आणि मग सोनें लुटण्यासाठीं एकच झुंबड उडते. या सोहळ्याला छत्रपति कोणत्या वाहनांतून येतात हें पाहण्यासाठीं लहानथोर माना उंचावून उभे असतात. तें वाहन म्हणजे एक लांबलचक जुनी जर्मन मोटार, 'मेबॅक'. राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत ती कोल्हापुरांत आली. महाराज १९४० सालीं निवर्तले. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९७१ सालीं तनखेही बंद झाले. मोटार मात्र दसऱ्याला आपल्या कामावर हजर असते.

मेबॅक घराण्याचा मूळ धंदा मोटारींचा नव्हता. विल्हेल्म मेबॅक आणि त्यांचे चिरंजीव कार्ल यांनीं १९०९ सालीं कारखाना काढला तो झेपेलिन विमाननौकांना एंजिनें पुरविण्यासाठीं. १९२८ सालीं आकाशांत झेपावलेल्या 'ग्राफ झेपेलिन' या प्रचंड नौकेला याच कारखान्याचीं पांच एंजिनें होतीं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमानें बांधण्याची बंदी आली, तेव्हां हा कारखाना मोटारींकडे वळला, आणि १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत त्यानें सुमारें १८०० मोटारी बनविल्या. कारखान्यांतून बहुधा एंजिनासह चासी तेवढी बाहेर पडे; तिच्यावरील बॉडी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें दुसरेच कारागीर बांधीत. त्यामुळें एकीसारखी दुसरी मेबॅक सहसा आढळावयाची नाहीं. २००२ सालीं हें नांव दुसऱ्या मालकांनीं पुन्हा बाजारांत आणलें. परंतु त्या मोटारींचा या जुन्या मोटारींशीं संबंध नांवापुरताच.

संस्थानिकांच्या मोटारींचा इतिहास एरवीं फारसा सुखाचा नाहीं. तबेल्यांच्या जागीं गॅरेजें आलीं, आणि तनखे बंद पडल्यावर गॅरेजेंही ओस पडूं लागलीं. कांहीं मोटारी लिलांवांत गेल्या, कांहीं परदेशीं गेल्या, कांहींचें भंगार झालें. १९५० पूर्वींच्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर सरकारनें निर्बंध घातले ते याच कारणासाठीं. पण देशांत राहिलेली मोटार सुरक्षित राहिली असें समजण्याचें कारण नाहीं. तिला दुसरा एक धोका असतो, आणि तो तिच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांकडूनच संभवतो.

हा धोका कोल्हापूरकरांना समजावून सांगणें अवघड आहे; कारण ज्या गुणाचा या नगरीला सार्थ अभिमान आहे त्याच गुणांतून तो उत्पन्न होतो. वस्तु एकदां पाहिली कीं ती करून दाखवावयाची, हा कोल्हापुरी कारागिराचा बाणा. बाबूराव पेंटर यांनीं दामले यांच्या साहाय्यानें १९१८ सालीं चलच्चित्रांचा कॅमेरा येथेंच घडविला, आणि १९२० सालचा 'सैरंध्री' त्यावर घेतला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार हीं नांवें उद्यमनगरांत आजही आदरानें घेतलीं जातात. तेल-एंजिनें आणि पंप यांच्या निमित्तानें येथें ओतकामाच्या भट्ट्या पेटल्या. मोडलेला भाग घेऊन जावें, सांचा करावा, ओतावा, कातावा, आणि मूळच्यापेक्षां सरस भाग घेऊन परत यावें, हें येथें नवलाचें नाहीं. जर्मनींतील कारखान्यानें मोटारी बनविणें थांबविल्याला पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटला असतां एखादी मोटार येथें चालती ठेवतां येते याचें रहस्य अशा हातांत आहे.

परंतु 'मूळच्यापेक्षां सरस' या दोन शब्दांतच सारी मेख आहे. जीर्णोद्धार हें आपल्याकडे पुण्यकर्म मानलेलें आहे. त्या पुण्याच्या भरांत किती काळ्या पाषाणाच्या देवळांना तैलरंगाचे पिवळे-गुलाबी हात बसले, आणि किती शिलालेख चुन्याखालीं बुजले, हें महाराष्ट्रांत फिरणारास सांगावयास नको. मोटारीचें तसेंच होतें. जुना रंग खरवडून आरशासारखा नवा रंग चढतो. चामड्याच्या भेगाळलेल्या बैठका जाऊन नव्या येतात. पितळी भागांवर क्रोमचा मुलामा बसतो. मालक संतुष्ट होतो, प्रदर्शनांत पारितोषिक मिळतें. पण मूळचा रंग कोणत्या जातीचा होता, तो किती थरांचा होता, बैठकींत काय भरलें होतें, कोणत्या खिळ्यानें काय जोडलें होतें, हें सांगणारा एकमेव साक्षीदार त्याच दिवशीं नाहींसा होतो. नवा रंग पुन्हा पुन्हा देतां येतो. मूळचा रंग एकदांच असतो.

मूळ वस्तु हातची गेली म्हणजे काय होतें याचें सर्वांत बोलकें उदाहरण जपानांत सांपडतें. टोयोटा कारखान्याची पहिली प्रवासी मोटार 'एए' ही १९३६ सालची, म्हणजे राजाराम महाराजांच्याच काळांतील. तिच्या १४०४ प्रति निघाल्या. पुढें कारखान्याला पन्नास वर्षें होत आलीं तेव्हां पाहतात तों जपानांत तिची एकही प्रत शिल्लक नाहीं! जगांतील एक बलाढ्य कारखाना, पण स्वतःची पहिली मोटार दाखविण्यासाठीं त्याला जुन्या आराखड्यांवरून प्रतिकृति बनवावी लागली. त्यानंतर वीस-एक वर्षांनीं, २००८ सालीं, रशियाच्या अतिपूर्व टोंकाला अस्सल 'एए' मोटार मिळाली. गंजलेली, ठेचाळलेली, स्थानिक गरजेप्रमाणें फेरफार केलेली. हॉलंडांतील हेग येथील लाउमन संग्रहालयानें ती घेतली आणि जशी मिळाली तशीच, न रंगवितां, मांडून ठेविली. डोळ्यांना प्रतिकृति अधिक सुखवील यांत शंका नाहीं. पण १९३६ सालीं पत्रा कसा वांकविला होता हें विचारावयाचें तर त्या गंजलेल्या मोटारीकडेच जावें लागेल.

जपानी शर्यती थाटाच्या मोटारींचे संग्राहक आज मूळपणाबद्दल इतके काटेकोर झाले आहेत त्याचें कारण असल्या अनुभवांत आहे. टोयोटा आणि यामाहा यांनीं मिळून बनविलेली '२००० जीटी' १९६५ सालीं टोकियोच्या प्रदर्शनांत झळकली. १९६७ ते १९७० या काळांत तिच्या सुमारें ३५० मोटारीच तयार झाल्या. थोड्या असल्यामुळें त्या जपल्या गेल्या. याच्या उलट कथा डॅटसन '२४० झेड'ची. ती स्वस्त, चपळ आणि विपुल; अमेरिकेंत ती हजारोंनीं खपली, आणि हिवाळ्यांत रस्त्यांवर टाकलेल्या मिठानें हजारोंनीं कुजली. कांहींचीं एंजिनें बदललीं, कांहींच्या बॉडीला भोंकें पाडून नवे अवयव चिकटविले गेले. १९९६ च्या सुमारास खुद्द निसान कंपनीनेंच अमेरिकेंत जुन्या झेड मोटारी विकत घेऊन, त्यांची नव्यासारखी डागडुजी करून पुन्हा विकण्याचा उपक्रम केला. तो स्तुत्य होता खरा. पण त्यानंतर जाणत्यांची नजर अधिकच वळली ती ज्या मोटारींना कोणीं हात लावला नव्हता त्यांच्याकडे. विपुल वस्तूंविषयीं आपण बेफिकीर असतों, आणि म्हणून त्याच आधीं दुर्मिळ होतात.

या विचाराला आतां आंतरराष्ट्रीय संमतीही मिळालेली आहे. १९६६ पासून काम करणाऱ्या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानें २०१२ सालीं 'तुरिनची सनद' मान्य केली. पुरातन वास्तूंच्या संरक्षणाचीं तत्त्वें तींत वाहनांना लावलीं आहेत. वापराच्या खुणा हा वाहनाच्या इतिहासाचा भाग समजावा. दुरुस्ती लागेल तेवढीच करावी. आणि जें बदललें त्याची लेखी नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. यांतील शेवटची अट आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षिली जाते. पाना हातीं धरण्यापूर्वीं लेखणी हातीं धरण्याची संवय आपल्या मेस्त्र्यांना नाहीं, आणि मालकांना तर त्याहून नाहीं.

वस्तुतः काम फार खर्चाचें नाहीं. चासीचा आणि एंजिनाचा क्रमांक, बॉडी बांधणाऱ्याची पितळी पट्टी, दिवे, घड्याळें, हत्यारांची पेटी, या सर्वांचीं छायाचित्रें घ्यावीं. रंगाचे थर एखाद्या झांकलेल्या कोपऱ्यांत तपासून लिहून ठेवावे. जो भाग काढला तो भंगारांत न देतां चिठ्ठी बांधून जपावा. उद्यमनगरांत नवा ओतून घेतला असेल तर त्यावर सालाचा ठसा उमटवावा, म्हणजे पुढच्या पिढीची फसगत होणार नाहीं. नव्या भागाची लाज वाटण्याचें कारण नाहीं. तो जुना म्हणून खपविला गेला तरच अडचण होते. एरवीं तोही कोल्हापूरच्या कारागिरीचा पुरावाच आहे. मग कागदपत्रें: खरेदीचे पत्रव्यवहार, जकातीच्या पावत्या, पेट्रोलाचे हिशेब, चालकांच्या पगाराच्या नोंदी. संस्थानी दप्तरें कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयांत आहेत. इतिहासाचे अभ्यासक त्यांत करारमदार आणि इनामें धुंडाळतात. गॅरेजखात्याच्या कागदांसाठीं मात्र क्वचितच कोणी जातो.

कायद्यानेंही आतां मूळपणाची दखल घेतली आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनें, मूळ स्वरूपांत राखलेलें, चासी, बॉडी किंवा एंजिन यांत मोठा फेरबदल न केलेलें वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येतें. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षें, आणि क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें. प्रदर्शन, संशोधन, शर्यती-मेळावे यांसाठीं तें रस्त्यावर आणतां येतें. रोजच्या वापरास नाहीं. पूर्वीं नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक राखण्याची मुभा आहे, ही त्यांतील विशेष चांगली गोष्ट. कारण जुनी क्रमांकपट्टी हाही एक दस्तऐवजच असतो.

कागदांत न सांपडणारी माहिती राहते ती माणसांजवळ. एंजिन थंड असतां कसें चालू करावयाचें, कोणत्या गियरला हात जड लागतो, कोणता भाग कोणत्या सालीं कोणाच्या भट्टींत ओतला, हें ज्यांना ठाऊक आहे असे चालक आणि मेस्त्री कोल्हापूरच्या पेठांतून अजून भेटतात. त्यांपैकीं पुष्कळांचें वय आतां ज्या मोटारी त्यांनीं दुरुस्त केल्या त्यांच्याइतकेंच होत आलें आहे. आणि त्यांचे सुटे भाग कोणत्याच भट्टींत ओतून मिळत नाहींत.