एका जुन्या फटफटीची वंशावळ

हनोई ही व्हिएतनामची राजधानी. तेथें सहा महिने, वर्षभर राहावयास गेलेला परदेशी मनुष्य, मग तो इंग्रजी शिकविणारा तरुण असो, वकिलातींतील कारकून असो, कीं नुसता हिंडावयास आलेला विद्यार्थी असो, पहिल्या महिन्यांतच एका विचाराला लागतो. एखादी जुनी, लहानशी मोटारसायकल विकत घ्यावी हा तो विचार होय. नवी घेण्याचें सहसा कोणी मनांत आणीत नाहीं. जेथें कायमचें राहावयाचें नाहीं तेथें नव्या वस्तूचा लोभ कशाला, हें एक कारण. आणि जातेवेळीं तीच गाडी दुसऱ्या एखाद्या आगंतुकाच्या गळ्यांत घालून बरेचसे पैसे परत मिळवितां येतात, हें दुसरें. व्यवहार दिसावयास साधा आहे. पण ज्या वस्तूचा हा व्यवहार होतो तिचा पूर्वेतिहास पाहूं लागलें म्हणजे आपण थेट एका जर्मन कारखान्याच्या फाटकाशीं जाऊन पोंचतों. त्या फाटकापासून हनोईच्या गल्लीपर्यंतची वाट आज श्रोत्यांबरोबर चालावी असा माझा विचार आहे.

१९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हनोईंतील परदेशी रहिवाशांची जी आवडती फटफटी होती तिचें नांव मिन्स्क. मिन्स्क ही बेलारूस देशाची राजधानी. तेथील कारखान्यांत ती तयार होई, म्हणून तिला तेंच नांव पडलें. सव्वाशें सी. सी. चें एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलांतच तेल मिसळून द्यावयाचें, मागें निळसर धुराचा पडदा, आणि आवाज असा कीं गाडी गल्लीच्या तोंडाशीं वळतांच घरांतल्या माणसास ती ओळखूं यावी. देखणेपणाचा तिच्यांत लवलेशहि नव्हता. व्हिएतनामी लोकांनीं तिला 'म्हातारा रेडा' असें नांव ठेविलें होतें. भातशेतीच्या देशांत हें नांव थट्टेचें खरें, परंतु हेटाळणीचें नव्हे; चिखलांत रुतलें तरी जें जनावर ओझें टाकीत नाहीं त्याचें तें नांव आहे. डोंगराळ मुलुखांतील शेतकरी तिच्यावर तांदळाचीं पोतीं लादीत, डुकरें बांधून बाजाराला नेत, आणि पाठीमागें बायकोमुलांनाहि बसवीत. एक पाना, एक पक्कड आणि जास्तीचा एक स्पार्क प्लग जवळ असला म्हणजे रस्त्याच्या कडेलाच तिची दुरुस्ती होई. परक्या देशांत, भाषा येत नसतां, ज्याला प्रवास करावयाचा आहे त्याला ह्याहून मोठा गुण कोणता हवा?

पण मिन्स्क ही मुळांत मिन्स्कची नव्हेच. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतांत चोपाउ नांवाचें लहान गांव आहे. तेथें योर्गेन रासमुसेन नांवाच्या डॅनिश गृहस्थानें काढलेला डी. के. डब्ल्यू. हा कारखाना १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकली करणारा जगांतील सर्वांत मोठा कारखाना झाला होता. तेथील मुख्य अभियंता हेर्मान वेबर. त्याच्या हातून १९३९ च्या सुमारास आर. टी. १२५ ही गाडी तयार झाली. तिची शक्ति पांच अश्वशक्तीहूनहि थोडी कमी, आणि गियर तीन. आजच्या मानानें हें खेळणेंच वाटेल. परंतु तिच्या पोटांत एक मोठी युक्ति होती.

ती युक्ति थोडी समजावून सांगण्याजोगी आहे. टू-स्ट्रोक इंजिनांत जळालेला वायु बाहेर जाणें आणि ताजें मिश्रण आंत येणें हीं दोन्हीं कामें जवळजवळ एकाच क्षणीं होतात. म्हणून ताजें मिश्रणहि जळक्या वायूबरोबर बाहेर निसटण्याची भीति असते. पूर्वीचे कारागीर पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा ठेवीत, म्हणजे मिश्रण त्यावर आपटून वर वळे. पण तो उंचवटा तापून लाल होई, पिस्टन जड होई आणि इंजिनाची दमछाक होई. आडोल्फ श्न्यूर्ले नांवाच्या जर्मन अभियंत्यानें १९२५ च्या सुमारास असें सुचविलें कीं, मिश्रण आंत सोडणारीं द्वारेंच तिरपीं ठेवावीं. म्हणजे प्रवाह समोरच्या भिंतीला लागून आपोआप वर वळेल आणि वळसा घेऊन खालीं येईल. पिस्टनचा माथा मग जवळजवळ सपाट ठेवतां येतो. गाडी हलकी झाली, पेट्रोल कमी लागूं लागलें, आणि ती करावयासहि सोपी झाली. आर. टी. १२५ चें सारें भाग्य ह्या तिरप्या द्वारांत होतें.

मग युद्ध आलें आणि जर्मनीचा पराभव झाला. चोपाउ रशियनांच्या ताब्यांतील भागांत आलें. युद्धाच्या नुकसानभरपाईदाखल कारखान्यांतील यंत्रसामग्री उखडून रशियांत नेण्यांत आली. वेबरलाहि नेलें, आणि १९४८ सालीं तो तेथेंच वारला. आपल्या गाडीचें पुढें काय झालें हें पाहावयास तो उरला नाहीं. १९४६ सालीं हीच गाडी मॉस्कोंत नव्या नांवानें निघूं लागली आणि १९५१ सालीं तें काम मिन्स्कला हलविण्यांत आलें. जित राष्ट्राचे पेटंटचे हक्क कोणी मानीनासें झाल्यावर इतरांनींहि हात धुवून घेतले. इंग्लंडांत बी. एस्. ए. कंपनीनें १९४८ सालीं 'बँटम' काढली. इंग्रजांना गियरचें पायदान उजवीकडे हवें होतें, म्हणून त्यांनीं जर्मन आराखडा आरशांत पाहावा तसा उलटा करून घेतला! अमेरिकेंत हार्ले-डेव्हिडसननें सव्वाशें सी. सी. ची गाडी काढली ती ह्याच नमुन्यावरून. जपानांत वाद्यें करणाऱ्या यामाहानें १९५५ सालीं आपली पहिली मोटारसायकल बाजारांत आणली. तिचेंहि मूळ तेंच. पोलंडांतील एस्. एच्. एल्. कंपनीच्या युद्धोत्तर गाड्यांत ह्याच इंजिनाचा अवतार होता, आणि त्याच कंपनीच्या पुढच्या एका गाडीवरून आपल्याकडची 'राजदूत' निघाली. सकाळीं दुधाच्या किटल्या लटकावून दारांत फटफटत येणारा गवळी ज्यांनीं पाहिला आहे त्यांनीं हनोईच्या रेड्याची दूरची भावकी पाहिली आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां ही भावकी व्हिएतनामांत कशी पोंचली तें पाहूं. १९७५ सालीं युद्ध संपलें. १९७८ सालीं व्हिएतनाम सोव्हिएट गोटाच्या आर्थिक संघांत सामील झाला. पाश्चात्त्य व्यापाराचीं दारें बंद होतीं. तेव्हां जें मिळावयाचें तें पूर्व युरोपांतून. ह्या काळांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आज आपण परदेशी मनुष्य हनोईंत येऊन जुनी फटफटी घेतो असें म्हणतों. त्यापूर्वीं परदेशीं राहून फटफटी घेणारे होते ते स्वतः व्हिएतनामीच. १९८० सालीं पूर्व जर्मनीशीं करार होऊन हजारों व्हिएतनामी तरुण-तरुणी तेथील कारखान्यांत मुदतबंद नोकरीवर गेले. पगार पाठवून उपयोग नव्हता, कारण त्या चलनाला बाहेर किंमत नव्हती. म्हणून तीं माणसें शिवणयंत्रें, सायकली, आणि ऐपत होईल तेव्हां सिम्सन कंपनीची पन्नास सी. सी. ची फटफटी घेऊन लांकडी पेटाऱ्यांत भरून घरीं पाठवीत. एका फटफटींत घराचें छप्पर होई, भावाचें लग्न होई. खरेदी प्रवासासाठीं नव्हती. ती साठवणूक होती. वस्तु तीच, परदेशवासहि तोच. पण घेणाऱ्याच्या पोटांतली भूक निराळी.

दक्षिणेची कथा वेगळी आहे. तेथें १९६० नंतरच्या दशकांत जपानी होंडांचा पूर आला. होंडाची 'सुपर कब' १९५८ सालची. क्लचचा दांडा नाहीं, मधला भाग मोकळा, त्यामुळें लांब पोशाखांतल्या स्त्रीसहि बसतां यावें, आणि इंजिन फोर-स्ट्रोक असल्यानें धूर थोडा. २०१७ सालापर्यंत ह्या जातीच्या दहा कोटि गाड्या निघाल्या. सायगांवांत ती इतकी रुळली कीं 'होंडा' हा शब्दच फटफटीचा पर्याय झाला, आणि भाड्यानें माणसें नेणाऱ्या फटफटीला 'होंडा ओम' म्हणूं लागले. 'ओम' म्हणजे मिठी मारणें. मागच्यानें पुढच्याला धरून बसावयाचें, हा त्यांतला अर्थ. आपल्या ओंकाराशीं त्याचा संबंध नाहीं.

१९८६ सालीं सरकारनें आर्थिक धोरण बदललें, १९९४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेनें व्यापारबंदी उठविली, आणि परदेशी माणसें राहावयास येऊं लागलीं. उत्तरेंत त्यांना स्वस्तांत मिळाली ती मिन्स्क. पुढें तिची जागा होंडाच्या 'विन' नांवाच्या शंभर सी. सी. च्या गाडीनें घेतली. अस्सल विन इंडोनेशियांत होई. बाजारांत मात्र तिच्या चिनी व देशी नकलांचाच सुळसुळाट झाला. प्रवासी मंडळी 'विन घेतली' म्हणून सांगत, पण दहांत नऊंची ती विन नव्हे, विनचा मुखवटा असे, असें जाणते मिस्त्री म्हणत. २००८ च्या डिसेंबरांत एका प्रसिद्ध इंग्रजी दूरदर्शन कार्यक्रमांत तीन निवेदकांना हातीं दीड कोटि डोंग देऊन सायगांवांत सोडलें. एकानें व्हेस्पा घेतली, एकानें मिन्स्क, एकानें सुपर कब, आणि तिघेहि उत्तरेकडे निघाले. त्यानंतर ह्या प्रवासाचें वेड फारच वाढलें. सायगांवांत घ्यावयाची, सतराशें किलोमीटर हाकून हनोईंत विकावयाची. आणि तीच गाडी दुसऱ्यानें घेऊन पुन्हां खालीं आणावयाची. कित्येक गाड्यांचें सारें आयुष्य ह्या येरझारांत गेलें. दर फेरीला मालक नवा आणि मिस्त्री नवा.

असा माल पारखावा कसा? अनुभवी लोक पहिली गोष्ट सांगतात ती ही कीं, इंजिनाला हात लावून पाहावा. गिऱ्हाईक येण्यापूर्वींच विक्याकडून तें तापवून ठेवलेलें असलें तर ओळखावें कीं थंडपणीं तें चालूं होत नाहीं. साखळी ओढून पाहावी, चक्रांचे दांते झिजून टोकदार झाले आहेत काय तें पाहावें, पुढचा ब्रेक दाबून गाडी ढकलून पाहावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे इंजिनावरचा व सांगाड्यावरचा नंबर निळ्या कार्डावरच्या नंबराशीं ताडून पाहावा.

ह्या निळ्या कार्डांतच सगळी मेख आहे. तें गाडीचें नोंदणीपत्र. अल्प मुदतीच्या परवान्यावर आलेल्या परकी माणसाला आपल्या नांवावर गाडी नोंदवितां येत नाहीं. त्यामुळें कार्डावर नांव राही तें कोणा एका मूळ व्हिएतनामी मालकाचें. गाडी दहा हातांतून जाई, पण कार्ड त्या पहिल्या नांवानिशीं तिच्याबरोबर फिरे. म्हणजे पैसे देऊन विकत घेतली ती मालकी नव्हे, कार्डाचा नुसता ताबा! वाहन चालविण्याच्या परवान्याचेंहि असेंच. व्हिएतनाम २०१४ सालीं १९६८ च्या व्हिएन्ना करारांत सामील झाला. त्या करारान्वये दिलेला आंतरराष्ट्रीय परवानाच तेथें चालतो. अमेरिकेचा परवाना १९४९ च्या जुन्या करारावरचा, म्हणून तो निरुपयोगी. पन्नास सी. सी. पर्यंत परवाना लागत नाहीं. पण घाटांत तेवढ्यानें भागत नाहीं. पोलिसानें दंड केला तर तो भरून सुटतां येतें. परंतु परवान्यावांचून अपघात झाला तर प्रवासी विम्याची कंपनी इस्पितळाचें बिल सहसा देत नाहीं, आणि ज्या वाटसरूला धक्का लागला त्याच्या भरपाईचें काय, हा प्रश्न तर विकत घेतांना कोणी विचारीतच नाहीं. स्वस्त गाडीची उरलेली किंमत ही अशी रस्त्यावरच्या दुसऱ्याच कोणाकडून वसूल होते.

आणि रस्ते कसे! उत्तरेस हा झांगहून दोंग वान व मेओ वाककडे जाणारा मार्ग १९५९ ते १९६५ ह्या काळांत तरुण मजुरांनीं जवळजवळ केवळ हातांनीं खोदला. मा पी लेंगच्या कड्याशीं ते दोरांवर लोंबकळून सुरुंग पेरीत. त्या मार्गाला 'सुखाचा मार्ग' असें नांव आहे. खालीं दरींत न्यो क्वे नदीची हिरवी रेघ, वर चुनखडीचे सुळके, आणि मध्यें दोन-तीनशें डॉलरांची, दोरीनें सामान बांधलेली गाडी. तेथें ब्रेक गेला तर जवळचा मिस्त्री देवासारखा वाटतो. 'सुआ से', म्हणजे वाहनदुरुस्ती, एवढे दोन शब्द तरी प्रवासी पहिल्याच आठवड्यांत शिकतो. घराच्या वळचणीला टांगलेली पाटी किंवा जुना टायर दिसला कीं तेथें थांबावयाचें.

अलीकडे मात्र ह्या व्यवहाराचा पायाच हालला आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून नंबराची पाटी गाडीला नव्हे, मालकाला चिकटविण्यांत आली. गाडी विकली कीं जुन्या मालकानें पाटी व कार्ड पोलिसांकडे परत करावयाचें. पहिल्या नांवावरच गाडी जन्मभर फिरविण्याची रीत त्यामुळें बेकायदा झाली, आणि ज्याच्या नांवाची पाटी तो मूळ मालकहि आतां कोणा परक्याच्या अपराधाचा जाब द्यावयास नाखूष असतो. पुढें १२ जुलै २०२५ रोजीं पंतप्रधानांचा आदेश निघाला. १ जुलै २०२६ पासून हनोईच्या पहिल्या वर्तुळमार्गाच्या आंत पेट्रोलच्या दुचाक्या येऊं देऊं नयेत, असें त्यांत फर्माविलें होतें. जुन्या शहराच्या ज्या गल्ल्यांत परदेशी पाहुणे एकमेकांना फटफट्या विकीत, त्या सगळ्या ह्या वर्तुळाच्या आंत येतात. हा झांगचे डोंगर त्याच्या बाहेर, सुमारें तीनशें किलोमीटरांवर आहेत.