आठवड्याला एक पेनी: मेथडिस्ट क्लासमध्ये नेमकं बोलणं काय व्हायचं?

ख्रिस्ती छोट्या गटांत चर्चा कशी चालवावी, यावर आज भरपूर सल्ला मिळतो. पण या प्रकाराचा एक गाजलेला नमुना निघाला तो इमारतीच्या कर्जातून, आणि संशोधनाची तयारी करताना तो नीट बघण्यासारखा आहे.

15 फेब्रुवारी 1742. ब्रिस्टलमधल्या मेथडिस्टांची बैठक. 'न्यू रूम' या त्यांच्या सभागृहावरचं कर्ज फेडायचं कसं, हा विषय. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असं ठरत होतं. गरिबांना तेवढंही जमणार नाही, अशी हरकत आली. जॉन वेस्लीच्या नंतरच्या आठवणींप्रमाणे कॅप्टन फॉय नावाचे गृहस्थ म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, ज्याला जमणार नाही त्याचे पैसे मी भरीन. अकरा आणि एक, बारा. हा झाला 'क्लास'. (आपल्याकडच्या क्लासशी याचा काही संबंध नाही!)

क्लासचा लीडर पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागला आणि त्याला भलतंच दिसायला लागलं. कुणी बायकोशी भांडतोय, कुणी प्यायलेला. वेस्लीने हे हेरलं आणि आठवड्याला प्रत्येकाची विचारपूस करणं हेच लीडरचं मुख्य काम करून टाकलं. पण घरी जाण्यात अडचणी होत्या. वेळ फार जायचा. नोकरमाणसांच्या मालकांना असं कुणी आलेलं खपत नसे. दोघा सदस्यांत गैरसमज असेल तर ते समोरासमोर आल्याशिवाय मिटत नसे. म्हणून मग सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं.

आता चर्चेकडे येऊ. क्लासच्या आधीपासून वेस्लीचे 'बँड' होते: आणखी लहान, स्त्री-पुरुषांचे वेगळे. त्यांचे नियम डिसेंबर 1738 चे आहेत. त्यातला एक नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकाने आधी स्वतःची अवस्था उघडपणे सांगायची आणि मगच बाकीच्यांना क्रमाने, खोलवर प्रश्न विचारायचे. म्हणजे प्रश्न विचारायचा हक्क पदाने मिळत नव्हता, आधी स्वतः उत्तर देऊन तो मिळवावा लागायचा. आणि प्रश्न कुठल्या वचनाच्या अर्थाबद्दल नव्हते. गेल्या बैठकीनंतर काय चुकलं, कुठला मोह पडला, त्यातून सुटलात कसे, असे ते होते.

इथे थांबा. हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे लगेच पटेल: प्रोटोकॉल म्हणजे लॅब नोटबुक नव्हे. 1738 चा नियम वाचून 'मेथडिस्ट असं बोलायचे' हे वाक्य तुम्ही प्रबंधात लिहू शकत नाही. 'असं बोलावं अशी अपेक्षा होती' एवढंच लिहू शकता.

शिवाय त्या खोलीतल्या मोकळेपणावर सावली होती. 1743 च्या सामान्य नियमांनुसार लीडरने दर आठवड्याला मिनिस्टरला भेटून आजारी कोण आणि नीट वागत नाही कोण, हे कळवायचं होतं. तिमाही तिकीट मिळालं नाही तर माणूस बाहेर. अशा ठिकाणी कोण किती खरं सांगेल? ई. पी. थॉम्पसनने 1963 मध्ये 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास'मध्ये मेथडिझमच्या शिस्तीवर कडक टीका केली, ती यासाठी वाचाच. मला स्वतःला ती थोडी एकांगी वाटते. कारण ज्यांना एरवी कुणी मत विचारत नसे, अशा कष्टकऱ्यांना आणि बायकांना इथे आपली पाळी हक्काने मिळत होती. स्त्रिया लीडरही होत्या.

याचा पुरावा नियमांत नाही, डायऱ्यांत आणि पत्रांत आहे. फेब्रुवारी 1761 मध्ये सारा क्रॉसबी डर्बीला क्लास घ्यायला गेली. तीसेक जण येतील असा तिचा अंदाज होता, आले जवळपास दोनशे. एवढ्यांना एकेक करून बोलतं करणं शक्यच नव्हतं. म्हणून तिने सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःचं सांगितलं आणि मग हे प्रवचन तर झालं नाही ना, या काळजीने वेस्लीला पत्र लिहिलं. त्याने उत्तर दिलं: तू मर्यादा ओलांडलेली नाहीस. पुढच्या वेळी लोकांना सांग की मेथडिस्टांत स्त्री-प्रचारक चालत नाहीत, आणि मग तुझ्या मनात आहे ते त्यांना सांग.