दुधाळ्याच्या माळाची शिफारस

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर औंढा नागनाथ परभणीतच होतं. त्याजवळच्या दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारायची आहे. या लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली आणि १७ तारखेला केंद्राने या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. सहा दिवसांचं अंतर पाहून ही लॉटरी वाटेल. पण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी १९९०च्या दशकापासूनच अशा लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याचं गणित मांडत होते. २००९ मध्ये भारतीय संशोधकांनी ‘इंडिगो’ ही संघटना बांधली आणि अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लायगो वेधशाळेसाठी ठरलेलं एक यंत्र भारतात आणावं, यासाठी पाठपुरावा केला. फाइल तयार नसती, तर सहा दिवसांत कोणतं सरकार हललं असतं?

दुष्काळी मराठवाड्यात हा खर्च कशाला, हा आक्षेप रास्त आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेली रक्कम सुमारे २,६०० कोटींची आहे. रोजगाराचं उत्तर इथे लंगडं पडतं, कारण वेधशाळा म्हणजे साखर कारखाना नव्हे. खरं उत्तर इथल्या जमिनीच्या शांततेत आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांच्या टोकांवरचे आरसे प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी सरकले, तरी ते मोजायचं असतं. रेल्वे, कारखाने, अवजड वाहतूक यांची थरथर तिथे चालत नाही. शिवाय अमेरिका-युरोपापासून दूर असलेल्या यंत्रामुळे लहर आकाशात कुठून आली, हे अधिक नेमकं ठरवता येतं.