मुरगळलेला घोटा आणि तोलाचा इतिहास

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, घोट्याला कसला आलाय इतिहास? पाय मुरगळतो, आंबेहळदीचा लेप लावतो, चार दिवस लंगडतो, संपलं. पण केजच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडायला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण मैदानाचं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातली. खो-खो हा खेळ उभाच आहे घोट्यावर. बसल्या जागेवरून 'खो' मिळताच उसळायचं, पळताना एका पायावर झटकन वळायचं, खांब धरून गिरकी घ्यायची.

दुसरं कारण फडाचं. दरवर्षी बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. सरी-वरंब्यातून चालायचं, डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढायचं. ज्याचा घोटा दर आठ दिवसांनी दगा देतो, त्याची उचल फिटायची कशी?

तर प्रश्न असा आहे: एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा का मुरगळतो? सूज उतरलेली असते, हाड शाबूत असतं, तरी सपाट रस्त्यावर पाय आत वळतो. पहिल्या दुखापतीला वर्ष उलटून गेलं तरी हे चालूच राहिलं, तर डॉक्टर त्याला घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतात.

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. 1840 च्या दशकात बर्लिनमध्ये मॉरिट्झ रोमबर्ग नावाच्या डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवली. मज्जारज्जूचा एक विशिष्ट आजार असलेले रुग्ण डोळे उघडे असताना नीट उभे राहत. डोळे मिटायला लावले की डोलू लागत. म्हणजे पायांकडून मेंदूला काहीतरी खबर जात असते, ती तुटली की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो. पुढे 1906 मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी या आतल्या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव दिलं. आपला पाय कुठं आहे, किती वळलाय, हे न बघता कळणं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना 1932 मध्ये नोबेल मिळालं.

आता येऊ 1965 मध्ये. लंडनचे तरुण अस्थिशल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांनी घोटा मुरगळलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं किंवा फाटलं, की त्यातल्या बारीक नसाही तुटतात. लिगामेंट भरून येतं, पण खबर देणारी तार तुटलेलीच राहते. पाय वळायला लागतो तेव्हा स्नायूंना निरोप उशिरा पोचतो. मग उपाय काय? त्यांनी रुग्णांना डुगडुगणाऱ्या लाकडी फळीवर उभं केलं आणि तोल सांभाळायला लावलं. असा सराव केलेल्यांमध्ये 'पाय दगा देतो' ही तक्रार कमी राहिली. तोलाच्या व्यायामाला उपचार म्हणून मान मिळाला तो इथून.

वीस वर्षांनी, 1985 मध्ये, स्वीडनच्या हान्स ट्रॉप यांनी फुटबॉल खेळाडूंवर हेच करून पाहिलं. ज्यांचा पाय आधी मुरगळलेला होता, त्यांना तबकडीवरच्या सरावाचा स्पष्ट फायदा झाला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण 1993 मध्ये डेन्मार्कच्या कॉनराडसेन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचा घोटा इंजेक्शननं बधिर केला आणि पाय अचानक आत वळवून पाहिला. फ्रीमन बरोबर असते, तर स्नायूंनी उशिरा उत्तर द्यायला हवं होतं. तसं झालं नाही! पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू नेहमीच्याच वेगानं आवळले. म्हणजे खबर फक्त लिगामेंटमधून जात नाही, स्नायूंमधूनही जाते.

मग व्यायाम खोटा ठरला का? नाही. कारण चुकलं तरी उपाय टिकला. आज असं मानतात की या दुखण्यात सांध्याची सैलाई, स्नायूंची ताकद, जाणीव आणि मेंदूनं पाय टाकण्याची बदललेली सवय असं बरंच काही एकत्र असतं. सराव सगळं शरीरच नव्यानं शिकवतो. मात्र तो सरसकट औषध नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या व्हॉलीबॉल खेळाडूंच्या अभ्यासात आधी घोटा दुखावलेल्यांना फायदा झाला, पण ज्यांचा गुडघा आधीच दुखावलेला होता त्यांच्यात गुडघेदुखी वाढली. म्हणून प्रत्येकाचा व्यायाम त्याचं त्याचं शरीर बघूनच ठरवावा.

आपल्यासाठी यात महत्त्वाचं काय? हा उपचार स्वस्त आहे. भिंतीजवळ अनवाणी एका पायावर उभं राहा. ते जमलं की डोळे मिटून. मग घडी घातलेल्या गोधडीवर. मग उभ्या उभ्या चेंडू झेलत. शेवटी हलक्या उड्या. आठवड्यातून तीन-चार दिवस, निदान चार ते सहा आठवडे. आखाड्यात आणि मल्लखांबावर तोल कमावण्याची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे परकं वाटू नये.

पण एक सांगून ठेवतो. ताज्या दुखापतीत चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर कळ येत असेल, तर आधी एक्स-रे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये घालून दिलेला हा नियम आजही जगभर वापरतात. हाड मोडलं असेल तर लेप आणि चोळणं दोन्ही घातक.

आपल्याकडे मुलीचा पाय दोनदा मुरगळला की घरचे म्हणतात, 'बस झालं आता खेळणं.' त्या मुलीला महिनाभर रोज दहा मिनिटं एका पायावर उभं करणारं कुणी भेटलं, तर तिचं मैदान सुटणार नाही. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या क्रीडाशिक्षकाला हे जमण्यासारखं आहे, आणि मुकादमानं मनावर घेतलं तर टोळीतही.