पिला हाऊस म्हणजे काय?

मुंबईत ग्रँट रोडजवळ पिला हाऊस नावाचा भाग आहे. शेजारी कामाठीपुरा, त्यामुळे चारचौघांत हे नाव निघालं की लोक विषय बदलतात. एकदा वर्गात जुन्या मुंबईविषयी शिकवताना मी ते घेतलं, तर मागच्या बाकांवर खसखस पिकली. मुलांना तेव्हा जे सांगितलं तेच आज थोडक्यात लिहितो.

पिला हाऊस म्हणजे ‘प्ले हाऊस’. चक्क नाटकगृह!

कोटातलं जुनं इंग्रजी नाटकगृह कर्जापायी १८३५ साली विकलं गेलं. नवं बांधावं, ही मागणी करणाऱ्यांत इंग्रजांच्या जोडीला इथले प्रतिष्ठितही होते. नाना शंकरशेटांनी ग्रँट रोडवर जागा दिली आणि १८४६ मध्ये नाटकगृह सुरू झालं. पण साहेबलोकांना कोटाबाहेर एवढं लांब येणं जिवावर येई. इंग्रजी खेळांना प्रेक्षक मिळेनात. साहेबांनी पाठ फिरवली म्हणूनच ते रंगमंच आपल्या लोकांना मोकळं झालं.

आणि मग आलं १८५३ साल. विष्णुदास भावे सांगलीहून मंडळी घेऊन आले आणि त्यांनी इथे तिकीट लावून मराठी पौराणिक नाटकं केली. सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. त्याच वर्षी पारशी मंडळींनी रुस्तुम-सोहराबची कथा रंगवली, तीही इथेच. भाव्यांनी राजा गोपीचंदाचं नाटक हिंदुस्थानीत केलं, तेही त्याच साली. एकाच वर्षात, एकाच छपराखाली, पुराणं आणि शाहनामा! अमक्या भाषेचं नाटक अमक्या जातीनंच बघायचं, असा नियम कुणी केला नव्हता. तिकिटाला पैसे असले की झालं.

पुढे आजूबाजूला आणखी थिएटरं उभी राहिली. तिथे पारशी कंपन्यांची नाटकं झाली, तमाशाचे फड रंगले. नंतर सिनेमा आला आणि आल्फ्रेडसारखी नाटकाची थिएटरं सिनेमागृहं झाली.

दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो आणि १८४३ च्या सांगलीची आठवण काढतो. ती काढलीच पाहिजे. पण सांगलीत नाटकाला राजाचा आधार होता. अनोळखी शहरात, परभाषिकांच्या शेजारी, तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसाच्या भरवशावर ते उभं राहू शकतं हे ग्रँट रोडवर दिसलं. आपल्या धंदेवाईक रंगभूमीची एक नाळ अशी या ‘बदनाम’ वस्तीत पुरलेली आहे.

नानांच्या जागेवरचं ते नाटकगृह आज नाही. नाव मात्र टिकलं, आणि ज्यांना इंग्रजी धड बोलता येत नव्हतं त्यांच्याच जिभेवर टिकलं. तेव्हा नातवंडांनी विचारलं, तर विषय बदलू नका. सरळ सांगा, बाळा, तिथे नाटकं व्हायची. आपलीही आणि इतरांचीही.